चेंडूस मनाई

मडगावी ज्या वसाहतीत आम्ही राहतो, तिच्या फाटकाशी एक पाटी लावलेली आहे : "आवारात चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे. आज्ञेवरून." या पाटीवर आज आम्हांस कडाडून टीका करावयाची आहे. परंतु तत्पूर्वी एक गोष्ट कबूल केलेली बरी. हा मजकूर आमच्याच लेखणीतून उतरलेला आहे. दोन तावदाने फुटली, एका मोटारीचा आरसा गेला, तळमजल्यावरील वृद्ध गृहस्थांच्या दुपारच्या झोपेचा प्रश्न निघाला, आणि सभेने ठरावाचा मसुदा वकील म्हणून आमच्याकडे सोपविला. ठराव एकमताने संमत झाला. मसुद्यात कोठे पळवाट राहिली नाही, या समाधानात आम्ही घरी आलो.

ते समाधान आठ दिवसही टिकले नाही. आमची नऊ वर्षांची कन्या शेजारची चार मुले घेऊन आमच्यासमोर उभी राहिली. तिच्या हातात जुन्या मोज्यांची एक गच्च गुंडाळी होती. "बाबा, ही मोज्यांची गुंडाळी आहे, चेंडू नव्हे. मग हिला पाटी लागू होते का?" आम्ही ठराव काढून पाहिला. 'चेंडू' या शब्दाची व्याख्या आम्ही केलीच नव्हती! संदिग्ध मनाईचा अर्थ ज्याला मनाई करावयाची त्याच्या बाजूने लावावा, या जुन्या तत्त्वास अनुसरून आम्ही मुलांच्या बाजूने निकाल दिला आणि ती काय खेळतात ते पाहण्यास जिन्याखाली गेलो.

खेळ असा होता. एकाने डोळे मिटून गुंडाळी बादलीत टाकावयाची. त्याच्या गड्याने दिशा सांगावयाची, पण ती भाज्यांच्या नावांनी. भेंडी म्हणजे उजवीकडे, दोडका म्हणजे डावीकडे, घोसाळे म्हणजे पुढे, भोपळा म्हणजे थांब. लौकरच तंटा निघाला. मराठी घरातील मूल ज्याला दोडका म्हणते, त्यालाच शेजारचे कोंकणी घरातील मूल घोसाळें म्हणते; मग पुढे जावयाचे की डावीकडे? पाच मिनिटे कडाक्याचा वाद झाला आणि ठरले की दोन्ही शब्दांनी डावीकडेच वळावे आणि 'पुढे' यासाठी वांगे घ्यावे. १९८७ च्या राजभाषा कायद्यानंतरही आम्हां वडीलधाऱ्यांच्या सभांतून जो वाद अधूनमधून धुमसतो, त्याची एक लहानशी शाखा पाच बालकांनी जिन्याखाली निकालात काढली. सर्वांत धाकटा सहा वर्षांचा. तो भाज्यांचा घोळ करी. तो कच्चा लिंबू ठरला आणि त्यास डोळे उघडे ठेवण्याची मुभा मिळाली.

या पाव तासात सूचना आली, चर्चा झाली, दुरुस्ती झाली, दुर्बळासाठी अपवाद झाला आणि निर्णय सर्वांनी पाळला. आमच्या वसाहतीच्या वार्षिक सभेस गणसंख्या भरत नाही, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही.

आमच्या लहानपणीही याहून वेगळे नव्हते. फोंडे तालुक्यातील आजोळी वैशाखात आम्ही अकरा मावसमामेभावंडे जमत असू. चिंध्यांचा गोळा करून त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली वळी चढविली की चेंडू तयार होई. माडाच्या झावळीचा दांडा ही बॅट. पण आमचा आवडता खेळ बॅटीचा नव्हताच. राजांगणातून चेंडू उतरत्या कौलांवर फेकावयाचा आणि तो कोणत्या पन्हळीतून घरंगळत येईल याचा अदमास घेऊन झेलावयाचा. तो वर असेपर्यंत तेराचा पाढा म्हणावयाचा. तुळशीवृंदावनास चेंडू लागला तर फेकणारा बाद, आणि वर नमस्कारही घालावयाचा. विहिरीत गेला तर त्या दिवसाचा खेळ समाप्त. हे नियम कोणी लिहिले नाहीत. ते दर उन्हाळ्यात नव्याने भांडून ठरविले जात.

आता विरोधकांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की असल्या वेडगळ खेळांतून साधते काय? त्यापेक्षा मुलांस रीतसर शिकवणीस घालावे. या गृहस्थांस आम्ही जेम्स नेस्मिथची आठवण देतो. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हिवाळ्यात कोंडलेल्या तरुणांसाठी त्याने पीचच्या दोन टोपल्या सज्जास ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि बास्केटबॉल जन्मास आला. चेंडू जोराने मारण्यापेक्षा कमानीने टाकावा ही कल्पना त्यास सुचली ती बालपणीच्या एका खेळावरून. त्यात खडकावर ठेवलेला दगड दुसऱ्या दगडाने पाडावयाचा असे. आमच्या लगोरीचा तो दूरचा भाऊबंदच म्हणावयाचा. जबलपूरच्या लष्करी भोजनगृहात १८७५ साली नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्डच्या मेजावर आणखी रंगीत चेंडू मांडले, त्यातून स्नूकर निघाला. तोही रिकामटेकड्यांचा उद्योगच होता.

परंतु आमचा दावा या पुराव्यावर उभा नाही. शंभरांतील नव्याण्णव घरगुती खेळ एका दुपारी जन्मतात आणि दिवेलागणीस मरतात, आणि त्यात काही बिघडत नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे याने गोट्या खेळणाऱ्या मुलांचे निरीक्षण करून १९३२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. लहान मुलास नियम वडिलांनी दिलेला आणि अढळ वाटतो; दहाअकरा वर्षांच्या सुमारास त्यास उमगते की नियम आपणच परस्परसंमतीने केलेला आहे व तसाच तो बदलताही येतो, असे त्याने दाखविले. नागरिक होणे याहून फारसे निराळे नसते. शिकवणीतील खेळाशी आमचे वैर नाही. तेथे मूल शिस्त शिकते, कौशल्य शिकते. परंतु तेथे नियम तयार मिळतो आणि तंटा पंचाकडे जातो. जिन्याखाली पंच नसतो. लबाडी केली तर बाकीचे घरी जातात व खेळ मोडतो. कायद्यामागे दंडुका असण्यापूर्वी संमती असावी लागते, हे आम्हांस विधिमहाविद्यालयात पुस्तकांतून शिकावे लागले. राजांगणात ते आधीच शिकून झाले होते.

दुसरा आक्षेप तावदानांचा, आणि तो खरा आहे. फुटलेल्या काचेची भरपाई झालीच पाहिजे. आमची आजी फुटलेल्या कौलाची किंमत आमच्याकडून काजूच्या बिया वेचून घेऊन वसूल करी. पण तिने चेंडू कधी जप्त केला नाही. इंग्लंडात १९४७ साली एका क्रिकेटच्या मैदानाबाहेर उडालेला चेंडू रस्त्यावरील बाईंस लागला. सुमारे तीस वर्षांत चेंडू असा बाहेर गेला होता अवघा पाचसहा वेळा. तेव्हा इतक्या अल्प धोक्यासाठी क्लबास निष्काळजी म्हणता येणार नाही, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने १९५१ साली ठरविले. आमच्या अंगणातील धोका याहून मोठा आहे हे मान्य. म्हणून भरपाई घ्या, जाळी लावा, वेळ बांधून द्या. मनाई हा शेवटचा उपाय असावयास हवा. आम्ही तो पहिला केला. बालकाच्या खेळण्याचा हक्क मान्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय बालहक्क संहितेत भारत १९९२ साली सामील झाला. तिच्या एकतिसाव्या कलमापुढे आमची पाटी उभी राहू शकेल, असे आम्हांस वाटत नाही.

आणि याच सभेतील गृहस्थ दुसऱ्या दिवशी तक्रार करतात, की मुले मोबाइलमधून डोके वर काढीत नाहीत! चेंडू आम्ही काढून घेतला, अंगणात मोटारी उभ्या केल्या. मग त्यांनी डोके वर काढून पाहावे तरी काय? त्या यंत्रातील खेळाचेही नियम असतात, परंतु ते कोणा दूरच्या कंपनीने केलेले. घोसाळ्याचा दोडका करून घेण्याची तेथे सोय नाही.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठराव रद्द करण्याची लेखी सूचना आम्ही दिलेली आहे. दुपारी चारपर्यंत शांतता, चार ते दिवेलागण चेंडू, मोडतोडीची भरपाई खेळणाऱ्यांच्या घरून. आणि कोणाही वडीलधाऱ्याने न विचारता मुलांस खेळ शिकवू नये, असे तिचे चार परिच्छेद आहेत. सूचना पडण्याचा संभव आहे. आमच्या पूर्वीच्या मसुद्याचाच आधार घेऊन आम्हांस विरोध होईल, हेही आम्ही जाणतो. मसुदा मुलांस वाचून दाखविला. त्यांनी पाचवा परिच्छेद सुचविला, की सभेतील सर्वांनी आधी एकदा डोळे मिटून गुंडाळी टाकून पाहावी. तो आम्ही जसाच्या तसा घातला आहे.