तमहीद कापली म्हणून विचार सरळ होत नाही

आमच्या जयगडात मूल घरी कोकणी बोलीत भांडते, शाळेत उर्दूत मजमून लिहिते आणि बारावीनंतर रत्नागिरीला जाऊन इंग्रजीत प्रोजेक्ट लिहिते. तिथे त्याची पहिली दोन पाने लाल शाईने कापली जातात आणि शेरा येतो : मुद्द्यावर या. मग आमचेच सुशिक्षित बांधव निदान करतात, की उर्दू ही शायरीची जबान, तिच्यात शास्त्रीय लेखन व्हायचे नाही!

हे निदान मला साफ नामंजूर आहे. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमातून सुरू झाले. तिथे वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवले गेले. हाफिज महमूद शिरानी यांनी शिबली नोमानींसारख्या थोर आलिमाच्या ‘शेरुल अजम’मधल्या चुका मूळ फारसी साधने तपासून दाखवल्या. त्यात मुरव्वत नाही. सर सय्यद अहमद खान यांनी १८७० मध्ये ‘तहजीब-उल-अखलाक’ काढले ते ॲडिसन-स्टील यांचे इंग्रजी निबंध डोळ्यांसमोर ठेवूनच. चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघाली ती त्यानंतर, १८७४ मध्ये.

मग फरक कुठे आहे? संकेतांत. इंग्रजी प्रबंधात दावा आरंभीच मांडतात आणि मग पुरावे देत जातात. आपल्या मजमुनात आधी तमहीद, मग दावा. लेखक स्वतःला ‘राकिम-उल-हुरूफ’ म्हणवून बाजूला उभा राहतो. मराठीतही ‘प्रस्तुत लेखकाच्या मते’ असतेच की! ही अदब आहे, गोंधळ नव्हे.

पण वर्गात आपण तमहीद शिकवतो कुठे? गाइडमधला मजमून पाठ करून घेतो, कुठल्याही विषयाला चालेल असा एक शेर वर चिकटवायला सांगतो आणि त्या शेरालाच गुण देतो. शेर कोणाचा, हे लिहायला किती शिक्षक सांगतात? नाव न देता उचललेली ओळ परीक्षेत शोभा ठरते, कॉलेजात तीच चोरी. पोराने हे कुठून जाणावे? (‘मी फूल झालो तर’ घोकून घेणाऱ्या मराठी शाळांनीही हसू नये.)

नववीच्या वर्गाला जेटीवरच्या मासळीच्या लिलावावर लिहायला सांगा. तोच मजकूर एकदा उर्दूच्या रीतीने, एकदा इंग्रजीच्या. भाव कोणाकडून कळला, ते नावानिशी लिहायला लावा. यासाठी वरून परिपत्रक यावे लागत नाही, आणि गाइड तर मुळीच लागत नाही.