हिंगोलीची जमीन हलते, पण देवळातली भेग किती वाढली हे कोण मोजणार?

21 मार्च 2024. सकाळचे सहा वाजून गेलेले. हिंगोली, नांदेड, परभणीच्या बऱ्याच घरांत लोक जमीन हलल्यामुळे जागे झाले. पहिला धक्का 4.5 तीव्रतेचा होता. दहा-बारा मिनिटांनी 3.6 चा दुसरा बसला. पुढे 10 जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा 4.5. दोन्ही वेळा घडलं तेच: पंखा हलतानाचे व्हिडिओ, "तुमच्याकडे जाणवला का?" असे मेसेज, आणि दुपारपर्यंत सगळं शांत. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात तर जमिनीतून येणारे आवाज वर्षानुवर्षं लोकांच्या ओळखीचे झालेत.

आता एक साधा प्रश्न. या धक्क्यांनंतर औंढा नागनाथच्या देवळातली एखादी भेग वाढली का? याचं उत्तर द्यायचं तर ती भेग आधी केवढी होती हे माहीत असावं लागतं. आणि "आधी" म्हणजे भूकंपाच्या आधी, हातात माप घेऊन. आपल्या गॅलरीत देवळाचे ढिगाने फोटो असतात, पण त्यात मध्ये आपणच उभे असतो.

जुन्या वास्तू जपायचं शिक्षण म्हटलं की अनेकांना रंगरंगोटी, सुशोभीकरण, लायटिंग आठवतं. खरं काम सुरू होतं ते कंटाळवाण्या गोष्टीपासून. वास्तू आज कशी आहे, याची नीट नोंद.

औंढ्याचं देऊळ यासाठी उत्तम उदाहरण आहे. खालचा भाग यादवकाळातला, कोरीव दगडाचा. वरचं शिखर नंतरच्या काळात बांधलेलं, वीट-चुन्याचं, खालच्या काळ्या दगडाशी अजिबात न जुळणारं. म्हणजे एकाच इमारतीत दोन वेगळी बांधकामं एकमेकांवर उभी आहेत. आपण ज्याला हेमाडपंती म्हणतो त्या पद्धतीत घडीव दगड खाचा-खुंट्यांनी, वजनाच्या जोरावर एकमेकांत बसवतात, सांध्यात चुना नसतो. जमीन हलली की असे दगड किंचित सरकतात आणि पुन्हा बसतात. विटांचं काम तसं वागत नाही. त्यामुळे जिथे ही दोन बांधकामं भेटतात, तिथे आधी लक्ष द्यायला हवं. हे कळायला मोठी डिग्री लागत नाही, पण कुणीतरी एकदा दाखवून द्यावं लागतं. शिक्षण म्हणजे तेवढंच.

(देवळाची दिशाही इथे गमतीची आहे. नंदी मागच्या बाजूला आहे आणि कथा अशी की नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं. आमच्यासारख्या टेक लिहिणाऱ्यांना लगेच वाटतं, किती अंशांनी?)

नोंद न करता दुरुस्ती केली तर काय होतं? सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे सिमेंट. भेग दिसली की सिमेंट भरा. पण सिमेंट कडक असतं, ते हलत नाही आणि ओल बाहेर जाऊ देत नाही. ओल मग शेजारच्या दगडातून, चुन्यातून वाट काढते आणि सोबत क्षार आणते. काही पावसाळ्यांनी सिमेंट जागेवर असतं आणि त्याच्या कडेचा भाग पोपडे धरून सुटतो. दुसरी चूक ऑइलपेंटची. देऊळ "नवं" दिसतं, पण रंगाखाली बारीक भेगा आणि कधी कधी शिलालेखही झाकला जातो. हे सगळं लोक श्रद्धेनेच करतात, म्हणून गावात त्याविरुद्ध बोलणं अवघड जातं.

संशोधन नेमकं काय देतं ते काठमांडूत दिसलं. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात तिथला काष्ठमंडप कोसळला. जुनं बांधकामच कच्चं असणार, असं वाटणं साहजिक होतं. नंतर नेपाळचा पुरातत्त्व विभाग आणि ब्रिटनमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या पथकाने पाया उकरून पाहिला. पाया भक्कम निघाला, आणि समजुतीपेक्षा कितीतरी जुना, 7 व्या शतकातला. दोष होता तो मुख्य खांबांपैकी एकाच्या बुडाशी. तो खांब आपल्या बैठकीच्या दगडावर नीट टेकलेलाच नव्हता, आणि आधीच्या एका दुरुस्तीत ते फरशीखाली झाकलं गेलं होतं. आधी कुणी नीट बघितलं असतं तर?

दुसरं उदाहरण पॅरिसचं. कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी नोत्र दाम चर्चचं लेझर स्कॅनिंग करून ठेवलं होतं. एक अब्जाहून जास्त बिंदू. नोव्हेंबर 2018 मध्ये ते गेले, आणि 15 एप्रिल 2019 ला चर्चला आग लागली. पुनर्बांधणीत त्यांचा डेटा कामी आला. आपल्याकडे पाटणच्या राणी की वावचंही असं स्कॅनिंग 2011 मध्ये झालं आहे. मोठ्या स्थळांना हे नशीब लाभतं. हिंगोलीच्या शेतातल्या बारवेसाठी लेझर स्कॅनर येत नाही.

इथे तुमचा फोन येतो. फोटोग्रॅमेट्री म्हणजे एकाच वस्तूचे वेगवेगळ्या जागेवरून काढलेले फोटो जुळवून थ्रीडी मॉडेल करणं. सॉफ्टवेअर दोन फोटोंत तोच ठिपका शोधतं, तो किती सरकला त्यावरून अंतर काढतं. आपले दोन डोळे हेच करतात. म्हणून प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला साधारण 70 टक्के भाग यायला हवा. एका जागी उभं राहून फोन फिरवू नका, स्वतः वास्तूभोवती चाला. फ्लॅश, फिल्टर, ब्युटी मोड बंद. ढगाळ दिवस उत्तम, कारण कडक सावल्या सॉफ्टवेअरला गोंधळात टाकतात. मेशरूम हे कॉम्प्युटरवरचं फुकट सॉफ्टवेअर आहे, फोनवर स्कॅनिव्हर्स, रिअॅलिटीस्कॅनसारखी अॅप्स आहेत. आयफोनच्या प्रो मॉडेलमध्ये 2020 पासून लायडार आहे, पण त्याचा पल्ला पाचेक मीटरचा, आणि मिलिमीटरची भेग त्याला कळत नाही.

भेगेसाठी वेगळा फोटो घ्या. शेजारी कंपासपेटीतली पट्टी धरा, फोन अगदी समोर सरळ ठेवा, तारीख आणि जागा वहीत लिहा. सहा महिन्यांनी तिथूनच पुन्हा. पट्टी नसेल तर फोटो मापाच्या कामाचा नाही. आणि हे फोटो व्हॉट्सअॅपवर साधे पाठवू नका, ते बारीक होतात आणि आतली तारीख-लोकेशनची माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर ठेवा. गाभाऱ्यात फोटोला मनाई असेल तर मनाईच. ड्रोनचंही तसंच, परवानगीशिवाय नको.

एक धोका मात्र आहे. उघड्यावर पडलेल्या सुट्या मूर्तीचा लोकेशनसह फोटो इन्स्टावर टाकणं म्हणजे चोराला पत्ता देणं. पण त्याच मूर्तीचा फोटो सुरक्षित ठिकाणी असेल तर तो पुरावा होतो. तामिळनाडूतल्या श्रीपुरंतानची नटराज मूर्ती चोरीला जाऊन ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोचली होती. ती 2014 मध्ये परत आली, त्यात पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडचे जुने फोटो महत्त्वाचे ठरले.

हौशी लोक किती करू शकतात हे रोहन काळे यांच्या महाराष्ट्र बारव मोहिमेने दाखवलं. राज्यभरातल्या बारवा नकाशावर आल्या, गावोगावी साफसफाई झाली. शेजारच्या परभणीतली वालूरची चक्राकार बारव आज दूरदूरचे लोक बघायला येतात. पण नकाशावर येणं ही पहिली पायरी आहे, संवर्धन त्याच्या पुढचं. ते शिकायला हिंगोलीच्या मुलांनी जायचं कुठे? पुण्याचं डेक्कन कॉलेज, दिल्लीचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, ग्रेटर नोएडाची पुरातत्त्व संस्था. सगळं लांब, जागा मोजक्या. माझं मत स्पष्ट आहे: प्रत्येक जिल्ह्याला पीएचडी नको आहेत, दहा-बारा दिवसांचं प्रशिक्षण घेतलेली वीस मुलं हवी आहेत. सोबत गावचा पाथरवट शिक्षक म्हणून, मजूर म्हणून नाही.

आणि हिंगोलीकडे एक गोष्ट आहे जी इतर जिल्ह्यांकडे नाही. औंढ्याजवळच लायगो-इंडिया उभं राहतंय. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने 2600 कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनच्या रुंदीपेक्षाही कितीतरी सूक्ष्म बदल टिपणारी यंत्रणा. जमिनीचं कंपन समजून घेणं हा तिथल्या कामाचा भागच आहे. ज्या तालुक्यात हे मोजलं जाणार, तिथल्या देवळातली भेग पट्टीनेही मोजली जात नसेल तर कसं चालेल? कंपनमापनाची माहिती आणि सर्वेक्षणाचं ज्ञान यातलं थोडं विद्यापीठामार्फत वास्तूंच्या कामी आणता येईल. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ हिंगोलीचंही विद्यापीठ आहे, तेव्हा हे त्यांनी मागावं.

प्रश्न एकट्या देवळाचाही नाही. युनेस्को 1992 पासून "सांस्कृतिक भूदृश्य" ही कल्पना मानतं. वास्तू, भोवतालची जमीन आणि माणसांची वहिवाट मिळून एक वारसा. जुलै 2025 मध्ये शिवरायांचे 12 किल्ले असेच एकत्र जागतिक यादीत गेले. मराठवाड्यातलं त्यात काही नाही. पण कयाधू नदीकाठचं नर्सी नामदेव, तिथून पंढरपूरला जाणारी पालखी, नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात असल्याने येणारे शीख भाविक, औंढ्याचं देऊळ आणि विसोबा खेचरांची आठवण, मधल्या रस्त्यावरच्या बारवा, हे सगळं मिळून एकच भूदृश्य आहे. रस्ता रुंद करताना यातला एखादा दगड बाजूला फेकला गेला तर तक्रार करायलाही तो दगड तिथे होता हे दाखवावं लागेल.

हेन्री कझिन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरच्या 1931 च्या ग्रंथात औंढ्याची नोंद घेतली आहे. तो ग्रंथ शोधा, त्यातला एखादा कोन निवडा आणि पुढच्या सोमवारी दर्शनाला जाल तेव्हा त्याच जागेवरून एक फोटो काढा. पट्टी खिशात ठेवा.