जशी आहे, जिथे आहे

सांगलीच्या आमच्या घराच्या फाटकाशी १९९८ पासून एक पांढरी ओम्नी उभी असते. उभी असते हे अगदीच खरे नाही, कारण वर्षातून पाचसहा वेळा ती चालतेही. तिची मागची सीट दुमडून वर टाकण्यासाठी सुताराकडून करून घेतलेली एक फळी आहे. फळीवर कापसाची गादी, फळीखाली छोटा स्टोव्ह, पाण्याचा कॅन, दोन पातेली आणि सौ.चा चहा-साखरेचा डबा. परदेशात अशा गाडीला कॅम्पर व्हॅन म्हणतात. आमच्या गल्लीत तिला ‘साहेबांची खोली’ म्हणतात. खोलीची लांबी माझ्या उंचीपेक्षा कमी असल्यामुळे मी तिरका झोपतो आणि उरलेल्या त्रिकोणात सौ. झोपते.

गेल्या दिवाळीत जावई आले होते. फराळ झाल्यावर ते अंगणात आले, गाडीच्या छपरावर हात ठेवला आणि म्हणाले, “बाबा, आता ही विकून टाका. चढावर हिला तुम्हीच ओढता की ती तुम्हाला, हेच कळत नाही.”

जावयांचे म्हणणे खोटे नव्हते. ७९६ सी.सी.चे तीन सिलिंडरचे इंजिन, सुमारे ३७ अश्वशक्ती, चार गिअर. एवढ्या भांडवलावर पोफळीहून कुंभार्ली घाट चढायचा म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये सुरुवात आणि पहिल्यात शेवट. इंजिन पुढच्या सीटखालीच असल्यामुळे उन्हाळ्यात त्याचा सगळा राग आपल्या बैठकीला कळतो. घाटात एखादे सावलीचे वळण पाहून आम्ही थांबतो, सीट उचलून इंजिनला वारा देतो आणि तेवढ्यात चहा होतो. मागून येणारा ट्रकवाला पूर्वी शिव्या द्यायचा, आता हात करून जातो. वयाचा मान, दुसरे काय!

आणि ताकद कमी असणे हा या जातीच्या गाड्यांचा जुनाच वारसा आहे. जर्मनीत १९५० साली फोक्सवॅगनने जी डबा-गाडी बाजारात आणली, तिच्या मागे बसवलेले इंजिन ११३१ सी.सी.चे आणि अवघ्या २५ अश्वशक्तीचे होते. १९५१ पासून वेस्टफालिया या कंपनीने त्याच गाडीत झोपण्या-खाण्याची सोय करून दिली. लोक तिच्यात बसून आल्प्सचे घाट चढले. हळूच चढले असतील, पण चढले. तेव्हा केवळ चढावर दमते म्हणून गाडी विकावी, हे मला पटत नाही. तो मुद्दा मी जावयांसमोर जिंकलो.

हिशेबाचा मुद्दा मात्र हरलो. चौतीस वर्षे बँकेत घासल्यामुळे मला वही ठेवायची सवय आहे. विमा, पी.यू.सी., बॅटरी, टायर, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, नवी नंबरप्लेट. शिवाय २०२५ मध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सगळीकडे आले. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीतले रबरी पाइप आणि वॉशर त्यासाठी बनवलेले नाहीत, म्हणून मेकॅनिकने तेही बदलायला लावले. पंधरा वर्षे झाल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याची फी पूर्वी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली आणि २०२५ च्या नियमानुसार वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० रुपये. माझी पुढची पाळी २०२८ मध्ये. हे सगळे एका बाजूला आणि वर्षातले अकरा मुक्काम दुसऱ्या बाजूला मांडले, तर प्रत्येक रात्रीला बऱ्यापैकी लॉजचे भाडे पडते. कर्जदाराने असा ताळेबंद आणला असता, तर मी त्याला चहाही विचारला नसता.

तरीही मी विकली नसती. प्रश्न उभा केला तो मुलीने. ती शांतपणे म्हणाली, “बाबा, तुम्ही ठेवा नाहीतर विका. पण नातवाला या गाडीतून न्यायचं नाही.” मी काही बोललो नाही, कारण बोलण्यासारखे नव्हते. ओम्नीला पुढे बॉनेट नाही. ड्रायव्हर आणि समोरून येणारे वाहन यांच्यामध्ये एक पत्रा आणि आपले गुडघे. एअरबॅगचा प्रश्नच नाही. सुरक्षेच्या नव्या नियमांत बसत नाही म्हणून २०१९ मध्ये कंपनीनेच हिचे उत्पादन थांबवले. हिंदी सिनेमातल्या अपहरणकर्त्यांनाही तेव्हापासून नवी गाडी शोधावी लागली असणार. मुलीचे बरोबर होते. म्हणून मी ठरवले, विकायची.

गिऱ्हाईक आठ दिवसांत आले. तिशीतला, नम्र माणूस. सीट उचलून इंजिन पाहिले, कान लावून ऐकले. “काका, इंजिन गोड आहे.” भंगाराच्या भावाच्या दुप्पट किंमत त्याने न घासता कबूल केली. कशासाठी हवी, असे मी सहज विचारले. तो म्हणाला, “शाळेच्या पोरांसाठी. गॅसवर करून घेतो. चौदा पोरं आरामात बसतात. ती फळी तेवढी राहू द्या, बारकी पोरं तिच्यावर बसतील.”

मी त्याला उद्या सांगतो म्हणून वाटेला लावले आणि रात्रभर झोपलो नाही.

बँकेत असताना अशा विक्र्या मी कितीतरी केल्या. हप्ते थकलेली वाहने ओढून आणायची, अंगणात लावायची, लिलावाची जाहिरात द्यायची. जाहिरातीत एक ठरलेले वाक्य असे : ‘जशी आहे, जिथे आहे या तत्त्वावर’. या चार शब्दांत विकणाऱ्याची सगळी जबाबदारी धुऊन निघते. २००३ साली ऊसपट्ट्यातल्या एका शाखेत मी असाच एक टेम्पो विकला. वॉचमनने मला सांगितले होते, “साहेब, हिचा ब्रेक दोनदा दाबावा लागतो.” मी ऐकले आणि सही केली. खाते बंद झाले, वरून शाबासकीचे पत्र आले. काही महिन्यांनी बाजाराच्या दिवशी तोच टेम्पो उतारावरून येताना दिसला. आत बायका, टोपल्या, मागे लोंबकळणारी पोरे. काही झाले नाही, हे मुद्दाम सांगतो. कथेत असतो तर मी काहीतरी घडवले असते. पण तो वळणाआड जाईपर्यंत माझा पाय रस्त्यावर नसलेला ब्रेक दाबत होता, दोनदा.

माझ्या नातवाला जी गाडी चालत नाही, ती दुसऱ्यांच्या चौदा नातवांना कशी चालेल? नमुना २९ आणि ३० वर सह्या होऊन नोंदणीत नाव बदलले की कायद्याने मी मोकळा होतो. पण त्या सह्यांच्या वेळी त्या फळीवर कोण बसणार आहे, हे मला ठाऊक होते. जुने वाहन विकताना आपण किंमत विचारतो, गिऱ्हाइकाची पत विचारतो. तो ते कशाला नेतो, हे विचारत नाही. ते विचारायला हवे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

यावर जावयांचा प्रश्न होता, “तो दुसरीकडून घेईल. मग तुम्ही काय साधलं?” काही साधले नाही. त्या माणसालाही पोट आहे, आणि ज्या गावात शाळेच्या वेळेला एस.टी. येत नाही तिथल्या आईबापांना ती ओम्नी म्हणजे देवच. नव्या, धड गाडीचे भाडे त्यांना परवडणारे नाही. हे सगळे मान्य करूनही मी दुसऱ्या दिवशी त्याला नाही म्हणून सांगितले. त्याला कारण सांगितले नाही. ते सांगण्याचे धैर्य झाले नाही, हेही खरे.

आता २०२८ पर्यंत गाडी राहील. नातू बसणार नाही, रात्रीचा प्रवास नाही, चौपदरी रस्त्यावर जायचे नाही. नंतर अधिकृत भंगार केंद्रात द्यायची, मिळेल ते घ्यायचे आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद फायलीला लावायचा. सौ.ला हा ठराव वाचून दाखवला. ती म्हणाली, “म्हणजे पोरांचा जीव मोलाचा, आणि अहो, आपल्या दोघांचा?”

मी तिला उत्तर देऊ शकलो नाही. तिने वाट पाहिली आणि मग म्हणाली, की तिचा गुडघा आता फळीवर चढत नाही. सुताराला बोलावले आहे, फळी चार इंच खाली घ्यायला. पाऊस सरला की आंबोलीला जाऊ. आजऱ्यावरून गेले की चढ बेताचा आहे.