वाकड्या रेषेचे वजन

फळ्यावर काढलेला गोल फळ्यावरून घरंगळत खाली येत नाही, या एका भरवशावर आम्ही अडतीस वर्षे भूमितीचे तास घेतले. आकृतीला बाजू असतात, कोन असतात, क्षेत्रफळ असते. वजन मात्र नसते. हा भरवसा गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या नातीने मोडीत काढला.

चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्यास असतात. ते सहकुटुंब इंदुरास आले, तेव्हा सामानात संगणकही आला. पाडव्याच्या दुपारी फराळाने सारे घर सुस्तावले असता नऊ वर्षांची नात तो घेऊन आमच्या खुर्चीशी बसली व म्हणाली, "आजोबा, तुम्हाला वर्तुळ काढता येतं ना?" भूमितीच्या मास्तराला हा प्रश्न! आम्ही चष्मा पुसून सरसावलो.

खेळाचे नाव 'क्रेयॉन फिजिक्स डिलक्स'. फिनलंडच्या पेत्री पुर्हो या तरुणाने त्याचा पहिला नमुना २००७ साली आठवड्याभरात तयार केला. पुढे वाढविलेल्या खेळास २००८ साली स्वतंत्र खेळकर्त्यांच्या स्पर्धेत सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि २००९ च्या जानेवारीत तो विक्रीस आला. म्हणजे खेळ नवा नव्हे. आमच्या उंबरठ्यापर्यंत उशिरा पोहोचला, इतकेच.

पडद्यावर जुनाट पिवळसर कागद दिसतो. त्यावर रंगखडूने काढलेल्या टेकड्या, एक तांबडा चेंडू आणि दूर कोठे तरी एक तारा. चेंडू ताऱ्यापर्यंत न्यावयाचा. साधन एकच, आपल्या हातचा खडू. गंमत अशी, की आकृती पुरी होताच तिच्यात वजन येते. ती पडते, आपटते, उतारावरून घसरते. मोठी आकृती जड, लहान हलकी. चिमुकले वर्तुळ काढले की त्याचा खिळा होतो आणि त्याभोवती फळी फिरू लागते. त्या फळीच्या एका टोकावर उंचावरून धोंडा सोडला, तर दुसऱ्या टोकावरचा चेंडू उडालाच म्हणून समजा. काळाचे बारीक बारीक तुकडे करून, दर तुकड्यास कोणाचा वेग किती वाढला, कोण कोणास भिडले, याचे गणित संगणक आतल्या आत करीत असतो. नियम अर्थातच न्यूटनचे.

आमच्या वाट्यास दोन टेकड्यांमधील दरी आली. पूल बांधावा हे उघडच होते. आम्ही श्वास रोखून, थरथरता हात सावरून, एक सरळ रेषा ओढली. ती तसूभर आखूड पडली आणि दरीत गेली. दुसरी लांब झाली, पण तिचा भार एकीकडे अधिक, तीही गेली. त्रिकोणाचा टेकू दिला, तो लवंडला. पाचव्या खेपेस नातीने माऊस आमच्या हातून काढून घेतला आणि दरीत एक ओबडधोबड ढेकूळ काढले.

"हा काय बटाटा?" आम्ही विचारले.

"हत्ती आहे, आजोबा. झोपलाय."

चेंडू हत्तीच्या पाठीवरून गडगडत थेट ताऱ्याला जाऊन भिडला.

आम्ही हसलो खरे. पण मनात काही तरी खुपले. चिरंजीव याच वयाचे असताना वहीच्या मागल्या पानांवर हत्ती, घोडे, आगगाड्या काढीत असत. देवळालीकर मास्तरांनी नारायण बेंद्रे यांच्यासारखा चित्रकार ज्या इंदुरात घडविला, त्याच इंदुरात आम्ही त्या पानांवर तांबड्या शाईने लिहीत असू, 'रेषा सरळ काढ'. खोडावयास लावीत असू. एके दिवशी ती वही रद्दीत गेली. मुलाने नवी मागितली नाही, आणि आम्हांसही त्याचे काही वाटले नाही.

एवढ्यात चिरंजीव चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. नात म्हणाली, "बाबा, आता तुम्ही काढा."

"मला नाही गं चित्रं येत," ते सहज म्हणाले. हे वाक्य ते कोणापाशी शिकले, हे त्या खोलीत आम्हीच तेवढे जाणत होतो.

वाचकहो, या खेळात एकेका कोड्याची अनेक उत्तरे असतात. एकाच आकृतीत सोडविलेले उत्तर सुबक म्हणून वेगळे गणले जाते. आणखी एक मान आहे, झकास उत्तराचा. तो मात्र ज्याचा त्यानेच स्वतःस द्यावयाचा. परीक्षक नाही! जन्मभर गुण वाटीत आलेल्या माणसास हे पचणे कठीण. पण वाकडेतिकडे सारेच चालते असेही नव्हे. तोल चुकला की पूल पडतोच; गुरुत्वाकर्षण कोणाची भीड धरीत नाही. ते चूक तत्काळ दाखविते, मात्र रागावत नाही आणि वहीही फेकीत नाही. शिकविण्याची ही रीत अडतीस वर्षांत आम्हांस साधली नाही.

आम्ही खुर्ची सोडली व म्हणालो, "बस, काढ. इथे वाकडी चालते रे."

चिरंजीवांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले. मग बसले. पहिली रेषा त्यांनी अगदी सरळ ओढली, आणि ती दरीत गेली.

परवा पुण्याहून फोन आला. नात सांगत होती, बाबांनी घोडा काढला, पण एकाच पायाचा, तो कोलमडला. "मग?" आम्ही विचारले. "मग दुसरा पाय काढला. वाकडाच आहे, पण घोडा उभा राहिला."

"बाबांना सांग," आम्ही म्हटले, "घोडा आम्हांस पाहावयाचा आहे."