शेलू-वांगणीची घरे आणि गिरणगावचा विसरलेला अर्धा इतिहास

९ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या आझाद मैदानात गिरणी कामगार आणि त्यांचे वारस जमले होते. आम्हाला मुंबईतच घर द्या आणि शेलू-वांगणीची सक्ती मागे घ्या, या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत व्यासपीठावर कोणता नेता होता यालाच जास्त जागा मिळाली. आंबेडकरी समाजमाध्यमांवर तर या मोर्चाची फारशी दखलही घेतली गेली नाही. हा प्रश्न आपला नाही, असे आपण कधी ठरवले?

आधी हिशोब पाहू. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. आज घरासाठी पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज पडून आहेत. म्हाडाने २०१२ मध्ये ६,९२५, २०१६ मध्ये आधी २,६३४ आणि मग पनवेलजवळच्या कोन येथील २,४१७, तर २०२० मध्ये ३,८९४ घरांची सोडत काढली. एकूण १५,८७० घरे. म्हणजे दहा अर्जदारांत एकालाही पुरती नाहीत. ज्यांनी संप केला त्यांतले कितीतरी जण वाट पाहतच गेले. आता अर्जावर मुलाचे, सुनेचे, नातवाचे नाव आहे.

उरलेल्यांसाठी सरकारने १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने कर्जत-बदलापूर पट्ट्यातल्या शेलू आणि वांगणी येथे ८१ हजार घरांची योजना आणली. घराची किंमत १५ लाख, त्यात साडेपाच लाख अनुदान आणि कामगाराने भरायचे साडेनऊ लाख. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण २०२० च्या सोडतीत बॉम्बे डाईंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरच्या, म्हणजे ऐन गिरणगावातल्या घराची किंमतही साडेनऊ लाखच होती. पाच वर्षांत कामगाराचे पैसे तेवढेच राहिले आणि घर मात्र सीएसएमटीपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर गेले. त्यातून मूळ निर्णयात घर नाकारले तर हक्क जाईल अशी अट होती. कामगार चिडले ते उगाच नाही.

मुंबईत जागाच नाही, असे सांगितले जाते. जागा होती. गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे विकासाला निघालेल्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते : एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची करायची, बांधकामाखालच्या जमिनीची नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि गिरणी म्हणजे तर बहुतेक बांधकामच. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा अर्थ नाकारला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. त्याच सुमारास राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने, म्हणजे सरकारनेच, मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना आणि कोहिनूर मिल क्रमांक ३ ही ४२१ कोटींना विकली. आज तिथे उभ्या असलेल्या टॉवरमधल्या घरांच्या किमती इथे लिहिण्यात अर्थ नाही.

आता आपला भाग. गिरणगावची आठवण निघाली की भजनी मंडळे, दशावतार, खानावळी, लाल बावटा हे सगळे येते. विणकाम खात्याचा दरवाजा मात्र सहसा येत नाही. साच्यावर कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला हात लावायचा नाही, म्हणून सवर्ण कामगारांनी त्यांना त्या खात्यात येऊच दिले नाही. विणकामात पगार चांगला होता. आपले आजे-पणजे कमी पगाराच्या रिंग खात्यात आणि झाडलोटीच्या कामात अडकले. मालकाने नाकारण्याआधी शेजारच्या साच्यावरच्या कामगारानेच त्यांना नाकारले होते. १९२८ च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांनी तो नाखुशीने मागण्यांत घेतला. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे १९३८ साली मनमाडला बाबासाहेबांनी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे मांडले, त्यामागे हाच अनुभव होता.

आणि चळवळ तरी कुठे वाढली? परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब सुमारे दोन दशके राहिले. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. नायगाव, वरळी, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांमधून समता सैनिक दलाचे सैनिक आणि पुढे पँथर निघाले. १० जानेवारी १९७४ रोजी भागवत जाधव शहीद झाले तेही परळच्याच रस्त्यावर. गिरणगाव आपल्यासाठी पोटापाण्याची जागा होतीच, पण चैत्यभूमीकडे चालत जाता येईल अशी चळवळीची वस्तीही होती. ती ऐंशी किलोमीटरवर वाटून टाकली की शाखा, विहारे, रात्रीच्या बैठका यांचे काय होते ते वेगळे सांगायला नको.

इंदू मिलचे उदाहरण इथे आठवते. तीही गिरणीचीच जमीन. ६ डिसेंबर २०११ रोजी आपल्या लोकांनी तिचा ताबा घेतला, दबाव टिकवला आणि सुमारे साडेबारा एकर जागा स्मारकासाठी मिळवली. गिरणीची जमीन समाजाच्या हाती येऊ शकते हे आपणच सिद्ध केले आहे. पण त्याच दादर-परळच्या गिरण्यांत राबलेल्यांच्या घरासाठी आपल्या किती संघटना एकत्र आल्या? स्मारकाच्या पुतळ्याची उंची किती असावी यावर आपण वर्षानुवर्षे बोललो. माझ्या मते हा प्राधान्यक्रम चुकला आहे आणि तसे म्हटल्याने स्मारकाचा अवमान होत नाही.

आम्हा नवी मुंबईकरांना दोन्ही बाजू जवळून दिसतात. सिडकोने ९५ गावांची जमीन घेतली. जानेवारी १९८४ मध्ये, म्हणजे गिरणी संपाच्याच काळात, दि. बा. पाटील यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. उद्योग किंवा शहर ज्याच्या जिवावर उभे राहते त्याला त्याच परिसरात वाटा मिळावा, हे तत्त्व या राज्याने खाडीच्या या बाजूला स्वीकारले आणि त्या बाजूला नाकारले. कोनची घरेही याच बाजूची. सोडत २ डिसेंबर २०१६ ला निघाली. कोरोनाकाळात ती घरे विलगीकरणासाठी वापरली गेली, मग दुरुस्ती कोणी करायची यावर घोळ झाला. सहा लाखांचे घर लागूनही माणसे वर्षानुवर्षे चावीसाठी फेऱ्या मारत राहिली. शेलू-वांगणीबद्दल ऐकताना अर्जदारांना हेच आठवते.

कागदाचा मुद्दा वेगळाच आहे. १ जानेवारी १९८२ नंतर गिरणीत कामावर असल्याचा पुरावा हवा : तिकीट नंबर, ओळखपत्र, पगारपत्रक, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, ईएसआयसी कार्ड. संपानंतर कोकणात किंवा देशावर परतलेल्या बदली कामगाराच्या घरी हे सगळे एकत्र सापडणे कठीण. गावाकडे शेत नाही आणि शहरात खोली भाड्याची, अशा कुटुंबाच्या ट्रंकेत तर त्याहून कठीण. विहारात रविवारी वंदनेनंतर तासभर बसून असे कागद जुळवून देणे अवघड नाही. पीएफ कार्यालयातल्या जुन्या नोंदी मागवण्याचा अर्जही एका पानाचा असतो. भारतीय बौद्ध महासभेच्या शाखा जवळपास प्रत्येक वस्तीत आहेत.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या जागेवर पालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय हाती घेतले आहे. तिथे साचा ठेवतील, धोटाही ठेवतील. त्या धोट्याखालच्या पाटीवर काय लिहायचे, याचे निवेदन आताच पालिकेला द्यायला हवे.