उपाशी माणसाचे प्रगतिपुस्तक

अमेरिकेत एक नवे पांडित्य बोकाळले आहे. फूड बँकेच्या रांगेत पिशवी घेऊन उभ्या राहणाऱ्या बायाबापड्यांना म्हणे नेतृत्व शिकवायचे, लोकप्रतिनिधींपुढे गाऱ्हाणे कसे मांडावे ते पढवायचे. मग अभ्यासक प्रश्नावली घेऊन हजर: आत्मविश्वास किती वाढला, पाचपैकी गुण द्या! जिच्या घरचे दूध वीस तारखेलाच संपते, तिने आत्मविश्वासाला गुण द्यायचे!

अहो पंडित, ही फूड बँक सुचली कोणाला? 1967 साली फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली फूड बँक काढली, ती एका आईच्या सांगण्यावरून. दुकानांमागच्या कचरापेट्या उपसून ती पोरांची पोटे भरत होती. पैशाची पेढी असते, तशी टाकून दिल्या जाणाऱ्या अन्नाची का नसावी, हे तिचे बोल. तिच्याकडे कोणत्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र होते? 2008 साली सुरू झालेल्या 'विटनेसेस टू हंगर'मधल्या फिलाडेल्फियाच्या आयांनी तर आपल्या हालाखीचे फोटो स्वतः काढून थेट वॉशिंग्टनला नेऊन मांडले. बायका मुक्या नव्हत्याच. बहिरे होते ते खुर्चीवरचे!

त्या बहिऱ्यांची परीक्षा कोण घेणार? 4 जुलै 2025 रोजी सही झालेल्या कायद्याने 'स्नॅप'वर, म्हणजे गरिबांच्या किराण्याच्या सरकारी मदतीवर, दहा वर्षांत सुमारे 186 अब्ज डॉलरची कात्री चालवली. महिन्याला 80 तास काम दाखवण्याची अट 54 वरून 64 वर्षांपर्यंत ताणली. त्यावर कडी म्हणजे सप्टेंबरात कृषी खात्याने अन्नसुरक्षेची वार्षिक पाहणीच गुंडाळल्याचे जाहीर केले. 2023 सालच्या पाहणीत 4 कोटी 74 लाख माणसे अन्नाची शाश्वती नसलेल्या घरांत आढळली होती. आकडा टोचतो ना? मोडा तराजू!

प्रशिक्षणाशी आमचे वैर नाही. पण मोजायचेच तर हे मोजा: साक्ष द्यायला गेलेल्या बाईची बुडालेली मजुरी कोणी भरून दिली? फूड बँकेच्या संचालक मंडळावर रांगेतली किती माणसे बसली? आणि कायद्याचे एक तरी कलम हलले का? बाकीचे अहवाल रद्दीत घाला.

न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये शनिवारी फूड बँकेत खोकी भरायला जाणाऱ्या मराठी बंधुभगिनींनो, खोकी जरूर भरा. पण 3 जुलै 2025 ला प्रतिनिधिगृहात 'स्नॅप'ला कात्री लावणारा हा कायदा 218 विरुद्ध 214 मतांनी पार पडला. त्या 218 जणांत तुमच्या मतदारसंघाचा माणूस होता काय, तेवढे आधी पाहा.