विश्लेषण : झुंजार आणि काळापहाड २०५७ पर्यंत टिकतील का?

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या घडवल्या. आज त्यातील मोजकीच पुस्तके दुकानात मिळतात. जुन्या ग्रंथालयांत उरलेल्या प्रतींची पाने हात लावताच तुटतात. त्या वाचवण्याची वाट कायद्यात आहे, पण वेळ थोडा आहे.

अर्नाळकर कोण होते?

त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. गिनीज बुकातील नोंदीनुसार १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १,०९२ छोट्या रहस्यकथा पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. म्हणजे ४८ वर्षे, साधारण दर सोळा दिवसांना एक पुस्तक. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. झुंजार, काळापहाड आणि धनंजय-छोटू ही त्यांची गाजलेली पात्रे.

या मालिका इतक्या का चालल्या?

पुस्तक बारीक, कागद स्वस्त आणि गोष्ट एका बैठकीत संपणारी. विकत घेणे परवडत नसेल तर ते भाड्याने आणता येई. नायक ओळखीचा असल्याने मालिकेतले कोणतेही पुस्तक आधी उचलले तरी अडत नसे. नुकतेच सफाईने वाचू लागलेल्या मुलाला आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाला एवढे पुरेसे होते. पुढे गुरुनाथ नाईकांचे कॅप्टन दीप आणि गोलंदाज, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि मंदार पटवर्धन याच वाटेने आले.

देगलूरने याचा विचार का करावा?

तेलंगण आणि कर्नाटकाच्या सीमेजवळच्या या तालुक्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू रोज कानावर पडतात. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि तिथे उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी वाचनाचा पाया इथे मुख्यतः त्यानंतर रुंदावला. नव्या वाचकाला जाडजूड ग्रंथापेक्षा रहस्यकथा जवळची वाटते, हे कोणताही जुना ग्रंथपाल सांगेल.

शेजारच्या भाषांतही हेच घडले. उर्दूत इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ १९५२ मध्ये सुरू झाली. तेलुगूत कोम्मूरी सांबशिवराव यांचा डिटेक्टिव्ह युगंधर गाजला. इब्ने सफींच्या काही कादंबऱ्या शम्सुर रहमान फारुकी यांच्यासारख्या मान्यवर समीक्षकाने इंग्रजीत आणल्या. मराठी समीक्षेने अर्नाळकरांना एवढा मान क्वचितच दिला.

कायदा काय सांगतो?

भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो. मोजणी निधनानंतरच्या १ जानेवारीपासून होते. त्यामुळे अर्नाळकरांची पुस्तके २०५६ अखेरपर्यंत वारसांच्या किंवा हक्कधारकांच्या मालकीची आहेत. २००३ मध्ये गेलेल्या शिरवळकरांची २०६३ पर्यंत, तर २०२१ मध्ये गेलेल्या नाईकांची २०८१ पर्यंत. तोवर हा कागद टिकणार नाही. पुस्तके सर्वांसाठी खुली होतील तेव्हा खुले करायला पुस्तकच उरलेले नसेल.

मात्र २०१२ च्या दुरुस्तीने एक सोय केली आहे. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या पुस्तकाची छापील प्रत आधीपासून असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते. याचा अर्थ ती पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरवता येते, असा नाही. पण पुस्तक नष्ट होणे थांबते.

पण हे जपण्याच्या लायकीचे आहे का?

आक्षेप खोटे नाहीत. अनेक कथांवर इंग्रजी रहस्यकथांची छाया आहे. इतक्या वेगाने लिहिलेले सगळेच सारख्या दर्जाचे असणे शक्य नाही. पण एखादे पुस्तक टाकाऊ ठरवायलाही त्याची प्रत हाती लागते. शिवाय त्या काळचे शहर, पोलीस, पैसा, स्त्रीकडे पाहण्याची नजर आणि बोलली जाणारी मराठी यांचा माग काढताना ही पुस्तके अभ्यासकाला उपयोगी पडतील. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्यानंतर होणारे जतन फक्त ताम्रपट आणि पोथ्यांपुरते राहिले, तर सामान्य माणसाने प्रत्यक्ष काय वाचले याची नोंदच राहणार नाही.

मग करायचे काय?

पहिले काम बिनखर्चाचे आहे. देगलूर, बिलोली, मुखेड, उदगीर इथल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन करण्यापूर्वी रहस्यकथा वेगळ्या काढाव्यात आणि पुस्तकाचे नाव, नायक, प्रकाशक व वर्ष अशी यादी करावी. दुसरे काम जिल्हा ग्रंथालय कार्यालयाचे. या याद्या एकत्र करून, ज्या पुस्तकाच्या एक-दोनच प्रती सापडतील ती आधी स्कॅन करावीत. तिसरे काम शासनाचे. हक्कधारकांना रीतसर मोबदला देऊन ही पुस्तके मोबाइलवर वाचण्याची परवानगी मिळवावी.

पहिल्या कामासाठी कुणाच्या आदेशाची गरज नाही. घरच्या माळ्यावर एखादा ‘काळापहाड’ पडून असेल, तर रद्दीत घालण्याआधी तो ग्रंथालयात दाखवावा. एवढे वाचकालाही करता येईल.